वारा जातो कुठं

"साहेब, त्या चिंधीकडं बघा की! माणूस खोटं बोलंल, चिंधी न्हाय."

चांगुणाने आपल्या मिरची-कांडपाच्या पत्र्यावर बांबू रोवून लाल चिंधी बांधली होती. एप्रिलच्या दुपारी ती पूर्वेकडे ताणून फडफडत होती. पश्चिमेच्या घरातले धुळाप्पाकाका हातात अर्ज घेऊन उभे होते. मिरचीच्या ठसक्याने जीव नकोसा झाला, कांडप बंद करा, असा अर्ज. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो मानला, तर आजच कुलूप लागणार होतं. नवऱ्यामागे बारा वर्षं याच यंत्रावर तिने घर चालवलं, लेक शिकवली. पण घाबरेल ती चांगुणा कसली!

"माजी लेक संघप्रिया कॉलेजात भूगोल शिकवती," ती पदर खोचत म्हणाली. "उन्हाळ्यात जमीन तापती, तापली हवा वर जाती. ती जागा भरायला समुद्रावरची हवा धावती. समुद्र कुटं? तिकडं, पश्चिमेला. त्यात पृथ्वी गरगर फिरती, म्हणून वारा सरळ न येता उजवीकडं वळतो. फिरत्या जात्यावर पाणी सोडून बघा, जातंय का सरळ! थंडीत समदं उलटं, वारा पूर्वेकडनं. पण थंडीत वर्षाची चटणी कुटतंय कोण?"

साहेब हसले. "बरं, चालू करा."

चांगुणाने मिरची ओतली, बटण दाबलं. धुळाप्पाकाका नाकाला रुमाल लावून आपल्या फाटकात तयार उभे. दहा मिनिटं झाली, काकांना एक शिंक येईल तर शपथ!

"काका, तुमचा खोकला विडीचा हाय!"

काका रुमाल खिशात कोंबत आत गेले. साहेबांनी अर्जावर 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिलं आणि निघता निघता सहज विचारलं, "वारा येतो कुठून ते कळलं, बाई. पण ठसका जातो कुठं?"

"तिकडं की!" चांगुणाने ऐटीत पूर्वेला हात केला, आणि तो हात तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण!

समोर मुक्ताबाईची एक खोली होती. खिडकी बंद, वर ओली चादर. दर उन्हाळ्यात असायची. गारव्यासाठी असेल, असं चांगुणा समजत आली होती.

ती तडक गेली. म्हातारीचे डोळे लालभडक, तोंडावर पदर.

"मावशी, इतकी वर्षं बोलला का न्हाईत वो?"

"तुजी लेक शिकत व्हती की," मुक्ताबाई खोकत म्हणाली. "काय बोलायचं?"

चांगुणाला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी कांडपावर पाटी लागली: 'चटणी सकाळी सहा ते आठ.' गिऱ्हाइकं कुरकुरली, निम्मी दुसरीकडे गेली. पण त्या वेळी वारा पडलेला असतो, चिंधी बांबूला चिकटून असते. दार लावून घेतलं की ठसका आतच राहतो. चांगुणा तोंडाला फडकं बांधून कुटते, शिंकून शिंकून बेजार होते.

आठ वाजता यंत्र थांबतं. मग समोरची खिडकी उघडते.