पत्र्यावरची वडी

मित्रांनो, मी एक जुनी मेणाची वडी आहे, काडेपेटीहूनही लहान. माझ्या पोटात रुपचंद आबांच्या मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा जळगावच्या एका प्रयोगशाळेत तो तुकडा गरम मेणात बसवून मला घडवलं. माझे केसाहून पातळ काप काढताना तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "वडी मस्त बसलीय." तेवढंच काय ते कौतुक. मग मी खणात गेले आणि खण बंद झाला.

त्या खणात मला कधी चैन पडलं नाही. माझ्यातल्या पेशींच्या जनुकांत एक बदल झालेला होता. अशा पेशी बऱ्याचदा एका जागी थांबत नाहीत, दूर पसरतात. मला ते ठाऊक होतं, पण कोणी विचारलं नाही आणि मला तोंड नाही.

यंदा मे महिन्यात आबांच्या यकृतात डाग दिसले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "आधी ती वडी आणा. जनुकं तपासल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही." आबांची मुलगी दिपमाला मला सावद्याजवळच्या घरी घेऊन आली. संध्याकाळी भुसावळहून मुंबईची गाडी होती. ती आंघोळीला गेली, तेवढ्यात तिच्या आईने, भिकुबाईने, मला चिमटीत धरून गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलं.

"कापून काढलेल्या रोगाले मी घरात नाही ठेवत," ती पुटपुटली.

भर दुपार होती. पत्रा तव्यासारखा तापला होता. माझ्या कडा मऊ पडू लागल्या आणि माझा जीव नुसता तळमळू लागला. मेण ओघळलं असतं, तर तुकडा उघडा पडून धुळीत गेला असता आणि आबांना औषध अंदाजानेच द्यावं लागलं असतं.

दिपमालाने घर पालथं घातलं. शेवटी आईने पत्र्याकडे बोट दाखवलं, तेव्हा शिडी लावून तिने मला उतरवलं. माझा एक कोपरा मऊ पडून खचला होता.

"माय, हे वितळली तं आबाले कोनतं औषध चालीन, ते कोन सांगीन?"

भिकुबाईने मला पदराने पुसलं, घरात नेलं आणि पिण्याच्या पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलं.

मुंबईत माझे काप निघाले आणि तो बदल सापडला. जे औषध देण्याचा विचार होता, ते त्या बदलापुढे चालणारं नव्हतं. दुसरं सुरू झालं. उरलेली मी परत आले, ती भिकुबाईने पुन्हा माठाजवळच ठेवली. आबा पाणी प्यायला आले, की आज पेला किती भरला हेच मी बघत बसते. डाग आटले की नाहीत, ते अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची अशी वडी असेल, तर तिचा विटाळ मानू नका. तिला सावलीत ठेवा आणि वेळेवर विचारा. मी तीन वर्षं सांगायला तयार होते.