काळं बोट

तळेगावच्या बाजारात माणसं माणसांवर चढली होती. मधोमध भस्मनाथ महाराज, हातात पितळी डबी.

“खर्रा सोडू नका, भक्तहो! खर्राच तुम्हाले सोडून पळते! एक बोट भस्म हिरडीले लावा, तलब गेली काशीले!”

शेजारी तानबा उभा होता, महाराजांचा जिवंत चमत्कार. त्याच्या तोंडात दोन बोटंही शिरत नव्हती. सुपारी-तंबाखू घोटलेला हा खर्रा सुटला नाही तर तोंड कायमचं मिटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी सुटेना. भस्म लावलं आणि सुटला! ना तलब आली, ना चिडचिड झाली. आनंदही झाला नाही म्हणा. सारं धुक्यापलीकडचं असावं तसं त्याला लांबचंच वाटायचं.

नर्सिंग शिकणारी त्याची लेक सुरभी गर्दीतून पुढे आली. “बाबा, इथं आल्यापासून किती खेपा लावलं भस्म?”

“एकबी नाई.”

“बोट पाहा बरं.”

बोट काळं होतं, ओलं होतं. दुसऱ्याचंच असावं तसा तानबा त्याच्याकडे पाहत राहिला.

सुरभीनं सोबत आलेल्या आईला, शकुबाईला, डोळे मिटायला लावले. एका तळहातावर बाबांच्या खिशातल्या डबीतलं महाराजांचं भस्म ठेवलं, दुसऱ्यावर आईच्याच कमरेच्या डबीतलं काळं मंजन.

“आई, तुयं कोणतं?”

शकुबाईनं दोन्ही हिरडीवर फिरवलं. “दोन्ही माह्यंच होय व. तव्यावर जाळलेला तमाखू.”

“स्मशानातलं भस्म होय ते!” महाराज गरजले.

“मंग माह्या चुलीवर स्मशान हाये काय, महाराज?”

गर्दी खदखदली. तानबा हसला नाही.

“पण मंजन म्हणजे काई व्यसन नोहे...” तो पुटपुटला. घरोघरी बाया ते लावतात. त्याला तंबाखू कुणी म्हणतच नाही. महाराजांनी नेमकं तेच हेरलं होतं.

“खर्रा गेला, निकोटीन राह्यलं. म्हणून तलब आली नाई,” सुरभी हळूच म्हणाली. “डोक्यात एक राखणदार असते, बाबा. हात कुठं चालला ते पाहणारा, थांब म्हणणारा. हे व्यसन त्यालेच गुंगवते. डबी संपली का पुन्हा खर्रा, अन् मंग तोंड मिटलंच समजा.”

महाराजांनी तोवर गठुडं आवरलं होतं. शकुबाईनं दोन्ही डब्या नालीत उपड्या केल्या, आपलीसुद्धा.

तुमच्या गावी असा कुणी आला, तर पाया पडण्याआधी डबी हुंगून पाहा. सुटत नसेल तर दवाखान्यात जा. त्यात लाज कसली?

परतताना तानबाचा हात खिशात गेला. खिसा रिकामा. कपाळाला घाम फुटला.

“काऊन थांबले जी?” शकुबाईनं विचारलं.

“डबीसाठी हात गेलता,” तानबा म्हणाला. “आज मले दिसला.”