कुंकू लागलेले पन्नास डॉलर

मी पन्नास डॉलरची नोट बोलतेय, आणि तेही मराठीतून. कारण माझ्याशी कुणी बोललं असेल तर ते सोलापुरातच. एरवी नोटेशी कोण बोलतं? लोक मोजतात, पुढे सरकवतात आणि विसरतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्ही नोटा कुणात फारशा गुंतत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. एका बाजूला दाढीवाले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला घुमटाची इमारत, असं माझं रूप. लोक मला कागद म्हणतात, पण माझ्या अंगात कापूस भरपूर आहे. त्यामुळे चादरींच्या गावात येऊन पडले तेव्हा फारसं परकं वाटलं नाही.

नव्या पेठेत गुरुशांतचं परकीय चलनाचं छोटं दुकान आहे. त्याच्या लोखंडी पेटीत मी तीन आठवडे पडून होते. तिथून मला माणसांची एक सवय कळली. मेथीची जुडी घेताना चार गाड्या पालथ्या घालणारा माणूस डॉलर घेताना मात्र पाटीवरचा आकडा वाचतो, मान हलवतो आणि पैसे काढतो. परदेशी पैशापुढे घासाघीस केली तर आपण अडाणी ठरू, अशी भीती वाटते त्याला.

मालतीबाई त्यातल्या नव्हत्या. पिशवी सांभाळत त्या दुकानात आल्या त्या थेट काउंटरवर.

"पन्नास डॉलर घ्यायचेत. माझ्या हातून एकंदर किती जाणार, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

"पाटीवर भाव हाय की, काकू."

"पाटीवरचा भाव मी बाहेरूनच वाचला. त्यावर कमिशन किती, कर किती, ते पाटीवर नाही. पलीकडच्या दुकानात भाव कमी लावलाय, पण शेवटी दीडशे रुपये जास्त होतात."

गुरुशांत हसला. "काय बोलालाव काकू! बसा की. पाणी घ्या."

"पाणी घेते. कमिशन सोडा."

तो अर्धा तास माझ्या लक्षात राहिला. गुरुशांतनं कमिशन सोडलं, शिवाय भावातही तो थोडा खाली आला. मालतीबाईंनी पर्समधून घडी घातलेल्या नोटा काढून मोजल्या. साड्यांना फॉल-पिको करून चार वर्षांत बाजूला ठेवलेले ते पैसे होते. गुरुशांतनं मला पाकिटात घालून दिलं आणि बजावलं, "हिला घडी घालू नका. पेनानं कायबी लिहू नका. तिकडं लई कडक असतेत, डागाची नोट घेत न्हाईत."

सगळं सांगितलं बिचाऱ्यानं. फक्त एक सांगायचं राहिलं, ते पुढे येईलच.

मालतीबाईंचे यजमान मुकुंदराव शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्तीच्या निमित्ताने दोघं दिवाळीनंतर बालीला निघाली होती, सोलापुरातल्याच एका सहलवाल्याबरोबर. राहणं, खाणं, फिरणं सगळं सहलीच्या पैशांत होतं. सहलीच्या माहितीपत्रकावर एक फोटो होता. समुद्रावर रंगीत छत्री, खाली लोंबकळणारा माणूस आणि दोरी धरून पुढे पळणारी बोट. त्याचे पैसे मात्र वेगळे, तेही रोख. मालतीबाईंनी तो फोटो फ्रिजवर चिकटवला होता.

लग्नाआधी गड्ड्याच्या जत्रेत त्या दरवर्षी उंच पाळण्यात बसायच्या. सासरी आल्यावर ते शोभत नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते त्यांना आता नीट आठवतही नाही. चौतीस वर्षं त्या जत्रेत खाली उभ्या राहून दुसऱ्यांच्या चपला सांभाळत आल्या. आता त्यांना वर जायचं होतं, आणि स्वतःच्या पैशांनी जायचं होतं. माझं काम एवढंच होतं.

मुकुंदरावांना भावाच्या भानगडीत रस नव्हता. "विमानतळावर सगळं मिळतं. दोन रुपयांसाठी चार दुकानं हिंडायची म्हणजे काय!" असं म्हणून ते वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

मग लक्ष्मीपूजन आलं. पाटावर दागिने, नाणी, करकरीत रुपयांच्या नोटा आणि मधोमध मी. मालतीबाईंनी घरच्या नोटांवर हळद-कुंकू वाहिलं. मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या. "तूही लक्ष्मीच की गं," म्हणाल्या, ओल्या कुंकवात अनामिका बुडवली आणि दाढीवाल्या गृहस्थांच्या बरोबर कपाळावर टिळा लावला. वर अक्षता टाकल्या, नमस्कार केला. माझ्या आयुष्यात मला कुणी नमस्कार केला तो तेवढाच. कुंकू लावू नका असं सांगायचं गुरुशांतला सुचलं नव्हतं. कसं सुचणार? त्याच्याही घरी त्या संध्याकाळी नोटांना हेच चाललं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. कापसानं पुसून पाहिलं, खोडरबरानं घासून पाहिलं. टिळा गेला नाही, पसरला मात्र.

"असू दे. देवाचं कुंकू आहे, त्यात काय एवढं," त्यांनी स्वतःलाच समजावलं. मला मात्र तेव्हाच सगळं कळून चुकलं होतं.

बालीत तिसऱ्या दिवशी त्या किनाऱ्याजवळच्या पैसे बदलायच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. आतल्या मुलीनं मला उजेडात धरलं, उलटं केलं, टिळ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवून परत सरकवलं. तिच्या स्वतःच्या कपाळावर सकाळच्या पूजेचे तांदूळ चिकटलेले होते.

"बघा हो," मालतीबाई मुकुंदरावांना म्हणाल्या, "हिच्या कपाळाला अक्षता, आणि माझं कुंकू हिला चालत नाही!"

आणखी दोन काउंटर झाले. एकानं तर हातही लावला नाही. मुकुंदरावांचं कार्ड परदेशात चालू करून घ्यायचं राहून गेलं होतं. त्यांनी विमानतळावर बदललेल्या पैशांत भाव इतका वाईट मिळाला होता की उरलेलं पुडकं पातळ दिसत होतं. किनाऱ्यावर छत्रीवाले शेवटची फेरी ओरडून सांगत होते. सहलीतली बाकीची मंडळी आत बोटीकडे गेली. मालतीबाई वाळूवर बसल्या, मला मांडीवर ठेवून. रडल्या नाहीत. "चार दुकानं हिंडले मी हिच्यासाठी," एवढंच म्हणाल्या.

खोटं का बोलू, तेव्हा मला लाज वाटली. छापखान्यात मला सगळं शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं.

मुकुंदराव शेजारीच उभे होते. त्यांच्या खिशात जे होतं, त्यातून त्यांना लाकडी कोरीव गणपती घ्यायचा होता. दोन दिवस त्या दुकानासमोर ते घुटमळत होते. शेवटी ते खाली बसले.

"ती नोट मला दे. मी बदलून देतो."

"तुम्ही?"

"हो की. माझं काउंटर आहे असं समज."

मालतीबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. सवय कुठे जाते? "काय भावानं?"

"त्या पाटीवरच्या."

"कमिशन?"

"सोडलं."

"तुमच्याकडूनही ही नोट कुणी घेणार नाही. माहीत आहे ना?"

"तू मोजून घे आधी," मुकुंदराव म्हणाले.

त्यांनी सगळं पुडकं बायकोच्या ओंजळीत ठेवलं. मालतीबाईंनी मोजलं, नीट, दोनदा. मग पदर खोचला आणि छत्रीकडे गेल्या.

मी मुकुंदरावांच्या शर्टाच्या खिशात होते, त्यामुळे वर आकाशात काय चाललंय ते मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. बोटीचा आवाज वाढला, आणि वरून कुणीतरी ओरडलं, लांब, मोठ्यानं, पोटातून. मुकुंदराव दचकले. चौतीस वर्षांत बायकोचा एवढा मोठा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ती घाबरली की काय म्हणून ते पाण्यात गुडघ्यापर्यंत धावत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसतेय. ते तसेच पाण्यात उभे राहिले, मान वर करून, ती खाली येईपर्यंत.

आता मी सोलापुरात, मुकुंदरावांच्या पाकिटात आहे. गुरुशांत म्हणतो, बँकेकडे पाठवून बघू, थोडे कापून मिळतील. मालतीबाईही म्हणतात, द्या की, इथेच एखादा लाकडी गणपती घ्यायला तेवढाच हातभार. त्यावर मुकुंदराव म्हणतात, "भाव वाढू दे जरा."

वाचकहो, एक विनंती आहे. बाई फार हुशार आहेत, कधीतरी त्यांच्या ध्यानात येईलच. पण तोवर तुम्ही त्यांना सांगू नका, की भाव कितीही वाढला तरी हा माणूस मला विकणार नाही.