गाडीतली पुढची जागा

माझा पोरगा चुडामण गेला त्याला दहा महिने झाले, आणि मी रडलो नव्हतो. लोक म्हणायचे, हिलालआबा धीराचा माणूस. कसला धीर न कसलं काय! हाताला मुंग्या आल्या की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं माझं.

त्याची माल वाहायची छोटी मोटार धानोऱ्याला आमच्या अंगणात उभी होती. मिरच्यांची पोती नंदुरबार स्टेशनला न्यायची गाडी. पावसाळाभर तिला कोणी हात लावला नाही आणि गंज चढला. चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा बरा होता, पण शेजारच्या जागेखालचा साफ कुजला होता. तिथे चुडामण पाण्याचा माठ ठेवायचा. बसणारं कोणी नव्हतं ना.

कोणी नव्हतं म्हणजे मीच बसू दिलं नव्हतं. नवीन लग्न झालेलं, सून सिंधुबाई त्याच्या शेजारी बसायला निघाली, तर मी ओट्यावरून खेकसलो, "गावमां वडीलधारा शेतस का नही?" नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सुनेनं गावातून जायचं, हे आमच्यात चालत नव्हतं. ती मुकाट्यानं मागे पोत्यांवर जाऊन बसली. पुढची तीन वर्षं तिथेच बसली.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तिचा भाऊ रतिलाल तिला न्यायला येणार होता. पदरी मूलबाळ नव्हतं. ती परत येणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. मी ठरवलं, जाईल ती पुढच्या जागेवर बसून जाईल. दुसरं काही मला सुचतच नव्हतं. म्हणून गंज काढायला बसलो.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. माझी बायको भिकुबाई तांब्याचे हंडे चिंचेनं लखलखीत करते, म्हणून मीही पत्र्याला चिंच-मीठ चोळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बघतो तर कालच्यापेक्षा लाल! चुडामणच्या हाताखाली शिकलेला धुडकू आता गाडी चालवणार होता. त्यानं कपाळाला हात लावला. "आबा, लोखंडले कोनी चिंच लावस का?"

"इतली अक्कल व्हती ते काल कोठे व्हता रे तू?" मी म्हणालो.

मग तो सांगेल तसं केलं. कुजका भाग छन्नीनं कापला. बाकीचा विटेच्या तुकड्यानं घासला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ठिगळ ठोकलं. जर्मनची लढाई संपली तरी बाजारात रंग मिळत नव्हता, म्हणून जवसाच्या तेलात शेंदूर कालवून दोन हात दिले. शेजारचा टोमणा मारून गेला, "मारुती बसाडी ऱ्हायनात का, आबा?" मारू दे. बोटं सोलली, रक्त आलं. मी बघितलं आणि घासत राहिलो. सून पाणी आणून द्यायची, घटकाभर उभी राहायची आणि आत जायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी रतिलाल आला. धुडकू चालवायला बसला, रतिलाल मध्ये बसला. दाराकडची जागा मोकळी. सिंधुबाई ट्रंक घेऊन आली, आमच्या पाया पडली. मी स्वतः दार उघडलं.

"बस माय, पुढे बस. मी सांगी ऱ्हायनू ना."

तिनं आत वाकून ठोकलेल्या पत्र्याकडे पाहिलं. रागावली नाही, रुसली नाही. हळूच म्हणाली, "मामा, हाई तवय सांगाले पाहिजे व्हतं."

आणि मागे चढून, डोक्यावरचा पदर सारखा करून बसली. रतिलालनं माझ्याकडे पाहिलं. मी दार लावलं. गाडी निघाली तसा मीही मागोमाग चालत सुटलो, आणि वेशीपाशी चारचौघांत उभा राहून पोरासाठी रडलो.