शून्य दडवायचं नाय

डोळखांबच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून आमचा पाडा आहे. भाताची झोडणी उरकली होती, खळी मोकळी झाली होती आणि अख्ख्या पाड्याला नऊचं वेड लागलं होतं. घरात माणसं चार असली तरी भाकऱ्या नऊच. उरलेल्या कुत्र्यांना. रखमीकाकूने खुडूक कोंबडीखालचं दहावं अंडं काढून घेतलं, तर कोंबडीने तिचा हात फोडला. कोंडूदादा आपल्या जीपमध्ये मोजून नऊच माणसं घ्यायला लागला. एरवी आमच्याकडे जीपच्या आत इतकी दाटी, की आत बसलेली माणसं टपावरच्यांना नशीबवान समजतात. त्यामुळे पाय पसरून शहापूरला जायला मिळालं, हाच कित्येकांना पहिला चमत्कार वाटला.

हे सगळं नऊबाबामुळे. खरं नाव श्री नवांक महाराज. मुरबाडकडून आले आणि पिंपळाखाली मांडव घालून बसले. गळ्यात माळा नऊ, अंगरख्याला बटणं नऊ. बोलायला लागले की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची सवड नाही.

"नऊ म्हणजे पूर्ण," बाबा म्हणायचे. "ग्रह नऊ. नवरात्राच्या रात्री नऊ. भक्तीचे प्रकार नऊ. देहाची दारं नऊ. बाळ पोटात राहतं ते महिने नऊ. नऊच्या पुढे आकडा आहे का सांगा. दहा? दहा म्हणजे एक आणि शून्य. म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात."

"अन् माझं लुगडं पण नऊवारी," मागून एक म्हातारी म्हणाली.

मांडव हसला. बाबांनी मात्र डोळे मिटले. "बघा, आजीच्या तोंडून नऊच बोलला."

हसणारे गप्प झाले आणि म्हातारीच्या पाया पडायला रांग लागली.

यानंतर मुख्य खेळ. बाबांनी कोंडूदादाला उभं केलं. "मनात कोणताही आकडा धर. जीपचा धर. मला सांगू नकोस."

कोंडूदादाने जीपचा नंबर धरला, ४७३१. मोबाइल काढला.

"आता त्यातल्या आकड्यांची बेरीज कर. ती मूळ आकड्यातून वजा कर. जे उरलं, त्यातला एक आकडा मनात दडव आणि बाकीचे सांग. फक्त शून्य दडवायचं नाही. शून्य म्हणजे स्मशान. ते दडवलं तर घरात सुतक येतं."

कोंडूदादाने चार, सात, तीन, एक मिळवले, पंधरा झाले. वजा केल्यावर ४७१६ उरले. त्याने सात दडवले. "चार, एक, सहा," तो म्हणाला.

बाबांनी आभाळाकडे बघितलं, हात थरथरवले आणि म्हणाले, "सात."

कोंडूदादाच्या हातून मोबाइलच पडला. मग काय, ज्याला त्याला आपल्या मनातलं ओळखून घ्यायचं होतं. कोणी जन्मसाल धरलं, कोणी मोबाइलचे शेवटचे आकडे, कोणी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. बाबा एकदाही चुकले नाहीत. शिवाय ज्याच्या त्याच्या उत्तरातले आकडे एकमेकांत मिळवत गेलं की शेवटी नऊच उरायचे. "तुमच्या म्हशीवर पण नऊची कृपा आहे," बाबा म्हणाले, तेव्हा म्हैसवाला रडला.

इथवर सगळी गंमतच होती. बाबा तांदूळ आणि कोंबड्या घ्यायचे, त्यात पाडा काही बुडत नव्हता. गंमत संपली ती सकुबाईच्या घरी.

सकुबाईची सून गिरजा पोटुशी होती. दिवस भरत आले होते. पायांना सूज, डोकं सारखं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. उपकेंद्रातल्या सिस्टरने रक्ताचा दाब तपासला आणि सांगितलं, "आजच शहापूरला न्या. थांबू नका." गिरजाचा नवरा साईनाथ भिवंडीला गोदामात कामाला होता, तो सुट्टी टाकून आला. पण सकुबाई आधी बाबांकडे गेली.

"सत्तावीस तारखेला न्या," बाबांनी सांगितलं. "दोन आणि सात नऊ. त्याआधी सुनेने उंबरा ओलांडला तर नऊची साखळी तुटेल. मग माझ्याकडे येऊ नका."

सत्तावीस तारीख यायला अजून बरेच दिवस होते.

शाळेतल्या मीनाबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या तडक सकुबाईकडे गेल्या. आमच्या पाड्यात चौथीपर्यंतची शाळा आहे आणि मीनाबाई एकट्याच सगळे वर्ग सांभाळतात.

"सकुमावशी, हा हट्ट जिवावर बेतेल," त्या म्हणाल्या.

सकुबाई चुलीपुढून उठली नाही. "बाई, मागल्या टायमाला हिला तुमच्या दवाखान्यातच नेलेली. हात हालवत परत आलो. पोर पोटातच गेलेलं. तवा मी कोना बुवा-भगताचं ऐकलं नाय. आता ज्याला मनातलं कलतं, त्याचं ऐकते."

"उशिरा नेलं म्हणून गेलं ते."

"ते तुमी म्हणता. बाबांनी माझ्या मनातला आकडा सांगितला. तुमी सांगाल?"

मीनाबाई बाहेर आल्या. ओटीवर भिंतीला टेकून गिरजा बसली होती. ती मीनाबाईंकडे बघत राहिली. ती नजर बाईंबरोबर शाळेपर्यंत आली.

तिसरीची मुलं नऊचा पाढा घोकत होती. मीनाबाई फळ्यावर आकडे मांडत बसल्या. कुठलाही आकडा घ्या, त्याच्या आकड्यांची बेरीज वजा करा, उत्तर नऊच्या पाढ्यात. हे त्यांना लवकर दिसलं. त्या पाढ्यातल्या उत्तराचे आकडे मिळवले की तेही नऊ, अठरा, सत्तावीस असेच येतात, म्हणून त्यातला एक आकडा झाकला, तर तो ओळखणं सोपं. बाकीचे मिळवायचे आणि पुढच्या नऊला, अठराला नाहीतर सत्तावीसला किती कमी पडतात ते सांगायचं. म्हणजे बाबाला मनातलं कळत नव्हतं, लोक स्वतःच त्याला तोंडाने सांगत होते.

मग शून्याला मनाई कशाला? त्यांनी एक उत्तर लिहिलं, त्यातलं शून्य बोटाने झाकलं, बाकीचे मिळवले आणि एकट्याच हसायला लागल्या. पाढा म्हणणारी मुलं वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव गच्च भरला होता. सकुबाई सुनेला आशीर्वादासाठी घेऊन आली होती, साईनाथ तिला धरून होता. मीनाबाई पुढे गेल्या.

"महाराज, माझ्या मनातलं ओळखा."

"यावं, यावं. शिक्षकांनी यावंच," बाबा खूश झाले.

मीनाबाईंनी चालू साल धरलं, २०२५. बेरीज नऊ. वजा केल्यावर उरले २०१६. मग गिरजाचा हात हातात घेऊन त्यांनी तिच्या तळव्यावर पेनाने काहीतरी लिहिलं आणि तिची मूठ मिटली. "मी दडवलेला आकडा हिच्या मुठीत आहे. म्हणजे मागाहून मी शब्द फिरवला असं कोणी म्हणायला नको."

बाबांनी मान हलवली. "बाकीचे सांगा."

"दोन, एक, सहा."

बाबांनी आभाळाकडे बघितलं. हात थरथरले. "पूर्णांक. ज्ञानाचा आकडा. नऊ."

मांडवात टाळ्या पडल्या. सकुबाईने हात जोडले. मीनाबाई म्हणाल्या, "गिरजा, मूठ उघड."

गिरजाने मूठ उघडली. आधी स्वतः पाहिलं, मग हात उंच धरला. चार वर्षं ती त्या घरात होती, पण पाड्याने तिचा आवाज फारसा ऐकला नव्हता.

"शून्य हाय," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. बाबा ताडकन उठले. "शून्य दडवायचं नाही म्हणून बजावलं होतं. पाप केलंत तुम्ही."

"केलं," मीनाबाई म्हणाल्या. "पाप माझं मला लागेल. पण तुम्हाला मनातलं दिसतं ना? मग माझं पाप का दिसलं नाही? माझ्या मनात नसलेला नऊ कुठून दिसला?"

बाबांनी उत्तरादाखल एक लांबलचक मंत्र सुरू केला. तेवढ्यात कोंडूदादा म्हणाला, "मंत्र मंगारी म्हणा ओ. आधी बाईंना जबाब द्या."

मीनाबाईंनी बाबांच्याच पुढ्यातल्या उदबत्त्या उचलल्या. दहा-दहाच्या तीन जुड्या बांधल्या, चार सुट्या ठेवल्या.

"या किती?"

"चवतीस," पोरं ओरडली.

"चौतीसचे आकडे तीन आणि चार. दोन्ही काढून टाकायचे. आधी चार काढू." सुट्या चारही गेल्या. "आता तीन. प्रत्येक जुडीतून एक-एक काढते. जुडीत किती उरल्या?"

पुढच्या बायांनी जुड्या मोजल्या. नऊ. नऊ. नऊ.

"सुट्या सगळ्या गेल्या आणि प्रत्येक दहाचे नऊ झाले. शंभर घेतले असते तर एक काढून नव्व्याण्णव, तेही नऊच्या पाढ्यात. मग उत्तर नऊचं नाही येणार तर कशाचं येणार? यात कृपा नाही, वजाबाकी आहे. आणि दोन, एक, सहा मिळवले की नऊ आधीच भरतात. मग मी शून्य दडवलं की नऊ, हे ओळखायला महाराजांकडे काही साधनच नाही. म्हणून शून्याला स्मशानात पाठवलं."

सकुबाई जुड्यांकडे बघत होती. तिने एक जुडी उचलली, स्वतः मोजली, परत मोजली. "मंग हे मला पन जमंल?"

"जमेल की." मीनाबाईंनी तिच्या कानात युक्ती सांगितली.

साईनाथने मोबाइलवर हिशेब केला. "पाच, दोन, सात," तो आईला म्हणाला.

सकुबाई बोटांवर मोजायला लागली. "चौदा झालं. अठराला किती कमी? पंधरा, सोला, सतरा, अठरा." तिने वर बघितलं. "चार दडवलंस काय रे?"

"चारच, आई."

यानंतर जे झालं त्याला शिस्त नव्हती. जो तो बाबा झाला. रखमीकाकू आभाळाकडे बघून हात थरथरवायला लागली, पोरं एकमेकांना मोक्ष देत फिरली, नऊवारीवाल्या म्हातारीने पाया पडायला आलेल्यांना हाकलून लावलं. त्या गलबल्यात नवांक महाराज मांडवाच्या मागून निघून गेले. जाताना त्यांनी कोंबड्या किती नेल्या हे कोणी बघितलं नाही.

सकुबाई मात्र हसत नव्हती. गिरजा तिच्याजवळ गेली.

"आई, मला आजच दवाखान्यात जायचंय. मला भ्या वाटतं."

सकुबाईने सुनेच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. "कोंडू, गाडी काढ," ती म्हणाली. "अन् हळू हाकू नको."

शहापूरला पोचल्यावर गिरजाला लगेच आत घेतलं. दाब फारच वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी साईनाथला सांगितलं, की अजून थोडे दिवस घरी ठेवली असती तर झटके आले असते, मग आई आणि बाळ दोघांचीही खात्री मी दिली नसती. दुपार कलता कलता मुलगी झाली. वजनाने जरा कमी, पण रडण्यात कमी नाही. बाहेर बाकावर सकुबाईने नातीला मांडीवर घेतलं आणि मागच्या बाळासाठी ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. मीनाबाई तिच्याजवळ बसून राहिल्या.

नऊबद्दल आमच्या मनात काही आकस नाही. माणसांनी त्या आकड्याभोवती रात्री जागवल्या, ग्रह मांडले, पाढे रचले. फार देखणा आकडा आहे. पण त्याला गिरजाचा दाब मोजता येत नाही, बाळाची वेळ कळत नाही आणि कोणाच्या मनातलं दिसत नाही. ती कामं सिस्टरची, डॉक्टरची आणि आपल्या डोक्याची आहेत. तेव्हा पुढे कोणी तुमच्यासमोर चमत्कार मांडला, तर खुशाल बघा, टाळ्याही वाजवा. फक्त एवढं विचारा, की यात आम्हाला काय करायला मनाई आहे? आणि ज्याची मनाई आहे, तेच एकदा करून बघा.