धरणाकाठचं एकासणं

मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तरी धरणाचा काठ एका जागी राहत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मे महिन्यात मी आणि रूपलने सोमठाण्याच्या धरणाला पूर्ण फेरी मारायचा सायकलचा रस्ता शोधला होता. पाणी आटलेलं, तळाची माती टणक, तिच्यावर कुणी काकड्या लावलेल्या, कुणी टरबुजं, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जिकडेतिकडे. त्या चाकोऱ्यांवरून आम्ही मजेत गेलो आणि फोनमध्ये रस्ता नोंदवून ठेवला. भाद्रपदातल्या एका रविवारी तोच रस्ता धरून निघालो, तर फोन म्हणतोय सरळ जा, आणि समोर अथांग पाणी.

"काकी, आता काय? नाव मागवू का?" रूपल म्हणाली.

"दात काढू नको. वरच्या अंगानं वाट असंल कुठंतरी."

वाट होती, पण टेकड्यांवरून. देवीची टेकडी उजवीकडे ठेवून आम्ही कधी सायकलवर, कधी सायकल हातात धरून चढत राहिलो. कुसळं मोज्यांत घुसली. माझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. खरं तर गुडघ्यांसाठीच मी निवृत्तीनंतर सायकल घेतली होती, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार?

रूपल जालन्यातल्या एका जैन मारवाडी घराची सून. बियाण्यांचा मोठा धंदा, घरात सतत माणसांचा राबता. पस्तिशीच्या या बाईने वजन उतरवायला म्हणून सायकल आणली आणि वजन राहिलं बाजूला, तिला सायकलचंच वेड लागलं. मागे एकदा बदनापूरच्या रस्त्यावर चहाला थांबलो तेव्हा ती मला म्हणाली होती, "दुकान, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, समदं मी खुशीनं करते. पण हे एवढंच माझं हाय, काकी. हे गेलं तर मी काय करू, मला समजत न्हाई." असं बोलायची तिची सवय नाही. म्हणून ते माझ्या मनात घर करून बसलं.

आणि ते जाण्याची भीती खरीच होती. या चातुर्मासात रूपलने महिनाभराची एकासणी धरली होती. एकासणं म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून जेवायचं. मध्येच जागेवरून उठलं की जेवण संपलं, ताटात काही का राहिलेलं असेना. मग फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. तिच्या सासूबाई, इचरजबाई, यांनी सुनेला स्पष्ट बजावलं होतं, की सायकलीपायी नियम मोडला तर त्याच दिवशी सायकल भंगारवाल्याला. इचरजबाई बोलतात कमी. पण बोलल्या की ते होतं.

मला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं आणि मी ते महिनाभर रूपलला ऐकवत होते. "एवढे चढ चढायचे आणि पोटात काय, तर नियम!" मी म्हणायची. ती हसायची. वाद कधी घातला नाही.

दुपारी एका पळसाच्या सावलीत तिने चटई अंथरली आणि डबा उघडला. खाखरे, मुगाची उसळ, गूळ. "बसा ना, काकी." पण माझं डोकं त्या बुडालेल्या रस्त्यात अडकलेलं. खाली एका ओढ्याचं तोंड धरणाला मिळत होतं आणि तिथून पलीकडची चाकोरी दिसतेय असं मला वाटलं. ओढा ओलांडता आला तर निम्मी टेकडी वाचणार होती. "तू जेव निवांत, मी आलेच," म्हणून मी उतरले.

वरून माती सुकून भेगाळलेली होती. तीन-चार पावलं बरी गेली. पाचव्याला उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला, तो काढायला डावा रोवला, तर तो गुडघ्यापर्यंत. ओढ्याने पावसात आणून टाकलेला ताजा गाळ होता तो. भूगोलाच्या बाईंना हे कळायला हवं होतं!

मी मागे वळून पाहिलं. बाभळीच्या झुडपांवरून रूपलला माझं फक्त डोकं आणि खांदे दिसत असणार. तिने पहिला खाखरा मोडला होता.

हाक तोंडापर्यंत आली होती. मी ती गिळली. ती उठली तर दिवसभर उपाशी आणि इतक्या टेकड्या परत चढायच्या. आणि घरी गेल्यावर सायकल भंगारात. माझ्या पायांसाठी? मी ठरवलं, तिचं होईपर्यंत गप्प उभं राहायचं.

"काय दिसलं का, काकी?" तिने वरून विचारलं.

"पक्षी!" मी ओरडले. "लई छान पक्षी हायेत. तू खा!"

पक्षी नव्हतेच. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले आणि हळूहळू खाली जात राहिले. रूपल जेवते तीही सावकाश, घास चावून चावून. गाळ मांडीला लागला तेव्हा मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. वामनरावांची, माझ्या नवऱ्याची, आठवण आली, सकाळी ते "जपून" म्हणाले तेव्हा मी वसकन अंगावर गेले होते. मान वळवून पाहिलं, तर वर रूपलने डब्यात पाणी घातलं, बोटाने विसळलं आणि ते पिऊन टाकलं. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून त्यांच्यात तसं करतात. मी मनात म्हणत होते, बाई, पी की एकदाचं!

ती उठून चटई झटकायला लागली तेव्हाच मी हाक मारली.

रूपल धावत आली आणि बघून पांढरी पडली. पण डोकं शाबूत. तिने स्वतःची सायकल आणून गाळावर आडवी टाकली, मला तिच्यावर पालथं पडायला लावलं आणि माझे दोन्ही हात धरून मागे ओढत राहिली. मी बाहेर आले. बूट आतच राहिले.

"कधीपासून अडकल्या होत्या?"

"तू बसलीस तेव्हापासून."

"आणि पक्षी बघून राह्यल्या होत्या?"

"तुझं आसन मोडलं असतं, रूपल."

मला वाटलं ती गळ्यात पडेल. पण ती भयंकर चिडली. "माणूस बुडून राह्यलंय आणि मी खात बसंन, असा माझा धर्म हाय असं वाटलं तुम्हाला? महिनाभर हसल्या, मला काही न्हाई वाटलं. पण हे?"

 तिने फोन काढला आणि सासूबाईंना लावला.

"सांगू नको गं," मी म्हटलं. "नियम तर मोडला न्हाई."

"लपवून न्हाई चालवायची मला सायकल."

तिने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. शेवटी म्हणाली, "मला समजलं न्हाई, मम्मीजी. मी जेवतच राह्यले." मग डोळे पुसून फोन माझ्या चिखलाच्या हातात दिला.

"सुहासिनीबाई," इचरजबाईंचा आवाज शांत होता. "साप निघाला, आग लागली, तर उठायची सवलत आमच्या नियमातच हाय. कुणाचा जीव अडकला तर मंग विचारायचंच न्हाई, उठायचंच. तुम्ही एकदा तरी विचारलं का?"

"न्हाई."

"तुम्हाला काही झालं असतं, तर माझ्या सुनेला जल्मभर घास गेला असता का?"

 पायांवरचा गाळ वाळत होता.

"पुढच्या ऐतवारी बराबर रस्ता बघून न्या तिला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रूपल माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. मी पुढच्या रविवारचं सांगितलं. ती मटकन माझ्याशेजारी चिखलात बसली आणि हुंदके देऊन रडली. मग मलाही आवरेना.