किटलीचा पंखा

ग्रंथपालांच्या गाडीला सगळी गल्ली 'किटली' म्हणायची, आणि ग्रंथपालांना त्याचा भयंकर राग यायचा. राग यायचं कारण एवढंच, की नाव अगदी बरोबर होतं. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची. चढ लागला, की दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ सोडून उभी राहायची. त्यामुळे बायकोच्या पायाशी पाण्याचा पाच लिटरचा कॅन कायमचा मुक्कामाला होता. एकोणीस वर्षं ती बिचारी दोन्ही पाय कॅनच्या एका बाजूला घेऊन तिरकी बसत आली होती.

गेल्या वर्षीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बायको शिवणकाम करायची. घाटावरच्या शाळेच्या नाटकाचे कपडे दरवर्षी तिच्याच हातचे. गेल्या वर्षी ते घेऊन निघालेली किटली सातव्या वळणावर उकळली आणि कपडे पोचले तेव्हा नाटक संपलं होतं. वाघांनी शाळेच्या गणवेशातच डरकाळ्या फोडल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. यंदा काम देताना मात्र त्यांनी सांगून टाकलं, "अकराला पडदा उघडतो. साडेदहापर्यंत कपडे आले नाहीत, तर पुढच्या वर्षी आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

"मी टेम्पो सांगते," घरी आल्या आल्या बायको म्हणाली.

"घरात गाडी असताना टेम्पो?"

"घरात ही गाडी आहे म्हणूनच."

हे ग्रंथपालांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी एक भलंमोठं खोकं घेऊन आले. आत विजेवर चालणारा पंखा होता. गाडीचा जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, त्यामुळे चढावर इंजिन मंदावलं की तोही मंदावायचा. नव्याला इंजिनाची पर्वा नव्हती. रेडिएटरमागे बसवला, की गाडी गोगलगायीच्या चालीने चालली तरी तो आपला गरागरा फिरणार.

"दोन तासांचं काम आहे, इथेच टाका गाडी," कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला होता.

"दोनच तासांचं ना? मग घरीच करतो," ग्रंथपाल म्हणाले. माणसाची बुद्धी कुठे फिरते ते नंतरच कळतं.

खोक्यातल्या कागदावर नऊ भाषांत सूचना होत्या आणि ग्रंथपालांना येणाऱ्या तिन्ही भाषा नेमक्या त्यात नव्हत्या. चित्रात एक हसरा माणूस एका हाताने पंखा बसवताना दाखवला होता. त्याच्या गाडीला बहुधा बंपर नव्हता, दिवे नव्हते आणि पुढची जाळीही नव्हती. ग्रंथपालांना हे सगळं काढावं लागलं. संध्याकाळपर्यंत किटलीचं तोंड अंगणभर पसरलं होतं.

पण ते घाबरले नाहीत. एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलेला माणूस, पसाऱ्याला कसला भितो? त्यांनी सत्तेचाळीस स्क्रू पुसले आणि वर्गवारी करून पाकिटांत भरले. 'लांब, जाड', 'लांब, बारीक', 'आखूड, चपट्या डोक्याचे'. प्रत्येक पाकिटावर सुवाच्य अक्षरात संख्या आणि तारीख. बायकोला बोलावून त्यांनी तो संच अभिमानाने दाखवला.

"छान," ती म्हणाली. "पण कुठला कुठून काढलाय?"

ग्रंथालयात पुस्तक कुठून आलं हे कोणी विचारत नाही, ते कुठल्या विषयाचं आहे एवढंच बघतात. ग्रंथपालांनी एकदा पाकिटांकडे पाहिलं, एकदा गाडीच्या बोडक्या तोंडाकडे.

"अहो, मी एक बाही उसवली तरी तिच्यावर खडूने 'डावी' म्हणून लिहून ठेवते," ती म्हणाली आणि आत जाऊन शेपट्या शिवायला बसली.

पुढचे चार दिवस त्यांच्या नाकी नऊ आले. पंखा बसवायच्या पट्ट्यांची भोकं रेडिएटरच्या भोकांशी जमेनात. बोटांची सालटी निघाली. एक नट हातातून निसटला, आत कुठेतरी टण्, टण्, टण् असा तीनदा वाजला आणि जमिनीवर काही आला नाही. ते तासभर गाडीखाली पडून आणि तासभर बॉनेटमध्ये डोकं खुपसून त्याला शोधत होते. शेवटी बायकोचं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं, तेव्हा नट वर आला. सोबत सहा वर्षांपूर्वी हरवलेली घराची किल्लीही आली. त्या किल्लीवरून तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती बायकोनेच हरवली असा निकाल ग्रंथपालांनी दिला होता. त्यांनी किल्ली गुपचूप खिशात घातली.

पाचव्या दिवशी पंखा फिरला. ग्रंथपालांनी घर डोक्यावर घेतलं. बायको शिलाईयंत्र थांबवून बाहेर आली. खांद्यावरची अस्तराची चिंधी तिने गाडीच्या जाळीसमोर धरली आणि चिंधी फडफडत तिच्याच तोंडावर आली.

"वारा बाहेर येतोय."

"पंखा आहे, वारा देणारच!"

"पण देतोय कुणाला? हवा आत ओढायला हवी ना? हा इंजिनाला सोडून मलाच वारा घालतोय."

वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. बंपर पुन्हा उतरवावा लागला. दुसऱ्या दिवशी चिंधी जाळीला गपकन चिकटली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. सगळं जोडून झाल्यावर 'लांब, बारीक' या पाकिटात तीन स्क्रू उरलेच. ग्रंथपालांनी त्यावर 'राखीव' असं लिहून टाकलं.

"आता तरी टेम्पो नको ना?" त्यांनी विचारलं. आवाजात नको तेवढी आशा होती.

बायकोने त्यांच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली.

नाटकाच्या दिवशी त्यांची आंघोळ होईपर्यंत तिने गाठोडी डिकीत भरूनही टाकली होती. साडेआठला दोघं निघाली. कॅन नेहमीच्या जागी, बायको तिरकी. घाट लागला तसे ग्रंथपाल पहिल्या गिअरमध्ये गेले आणि तिथेच राहिले. डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध बसून होता. दुसरं वळण, तिसरं, चौथं. मागे एक हिरवा टेम्पो लागला होता. ग्रंथपालांनी त्याला हात काढून पुढे जायची खूण केली. तो गेला नाही. पुन्हा केली, तरी नाही.

"अजब माणूस आहे. जातच नाही पुढे."

"त्याला घाई नसेल हो," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

सातव्या वळणावर फुस्स असा ओळखीचा आवाज आला. पण काटा जागचा हलला नव्हता. ग्रंथपालांनी आरशात पाहिलं. हिरवा टेम्पो वाफेत बुडाला होता.

"आपली नाही! दुसऱ्याची आहे!" ते ओरडले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"थांबताय कशाला? चला ना, उशीर होईल," बायको घाईघाईने म्हणाली.

"एकोणीस वर्षं लोक आपल्यासाठी थांबले. आज आपली पाळी," असं म्हणत त्यांनी तिच्या पायाशी असलेला कॅन उचलला आणि ते ऐटीत निघाले. टेम्पोवाला फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होता.

"हात लावू नका! भाजाल. वीस मिनिटं थांबायचं, मग पाणी," ग्रंथपाल म्हणाले. या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"वीस मिनिटं कुठली काका! साडेदहाला शाळेत वाघ पोचवायचेत."

"काय पोचवायचंय?"

टेम्पोवाल्याने मागे बोट दाखवलं. ताडपत्रीखालून एक पट्ट्यापट्ट्यांची शेपटी लोंबत होती. टाका ओळखीचा होता.

"आणि गरम होणार नाही तर काय? ताईंनी बजावलंय, पुढची गाडी बंद पडल्याशिवाय तिला ओलांडायचं नाही. आणि पुढचा शहाणा तासभर पहिल्या गिअरमध्येच!"

"पुढचा शहाणा मीच," ग्रंथपाल म्हणाले.

तोवर बायको मागून येऊन उभी राहिली होती.

"डिकीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जुने पडदे. आणि तुमची मासिकं."

"कुठल्या सालची?"

ती हसली नाही. "माझा धीर झाला नाही हो," ती म्हणाली. "गेल्या वर्षी त्या मुलांची तोंडं मी पाहिलीत. आणि तुमची बोटं बघून तुम्हाला नाही म्हणायचाही धीर झाला नाही."

ग्रंथपालांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सहा दिवस खपून आपण मासिकं घाटात चढवत होतो, हे गिळायला जड गेलं. रागाने काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात खिशातली किल्ली हाताला लागली. त्यांनी ती काढून तिच्या हातावर ठेवली.

"तू नव्हती हरवलीस," ते म्हणाले. "इंजिनात होती."

बायकोने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आता मात्र तिला हसू आवरेना.

दहा मिनिटांत अडतीस वाघ, माकडं आणि हरणं किटलीत चढली. पडदे आणि मासिकं टेम्पोत गेली. बायको शेपट्यांचा ढीग मांडीवर घेऊन पुढे बसली, तेव्हा ग्रंथपालांना आठवण झाली.

"अगं, कॅन तिकडेच राहिला. थांब, आणतो."

"राहू दे त्याच्याकडे," ती म्हणाली. "आपल्याला काय करायचाय?"

आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिने पाय सरळ पसरले. ग्रंथपालांनी दुसरा गिअर टाकला. काटा कुठे आहे हे बघायचं शाळेच्या फाटकापर्यंत त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.